गाळातले परागकण आणि विदर्भाचा जुना निसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो. उन्हाळ्यात तलाव आटायला लागले की गाळाचे नमुने घेत भंडारा, चंद्रपूर, बुलडाणा असा फिरतो. पाळीवर उभे राहणारे शेतकरी, शाळेचे गुरुजी, बारावीची पोरं जवळपास तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

या चिखलात तुम्ही नेमकं काय शोधता?

मुख्यतः परागकण. मक्याच्या किंवा ज्वारीच्या वावरातून फुलोऱ्याच्या दिवसांत चाललं की शर्टावर पिवळी भुकटी बसते, तीच. त्या भुकटीतले बहुतेक कण दुसऱ्या फुलापर्यंत पोचतच नाहीत. वाऱ्याने उडतात, पावसाने खाली येतात, ओढ्यानाल्यातून वाहत तलावात जातात आणि तळाला बसतात. दरवर्षी असा एक पातळ थर आधीच्या थरावर चढतो. तलावाच्या तळाशी सरळ खाली नळी घातली की वरचा गाळ अलीकडचा आणि खालचा जुना, असा क्रम हाती येतो.

फूल कुजतं, पान कुजतं, लाकूडही कुजतं, मग एवढासा कण कसा टिकतो? त्याचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं. सजीव सृष्टीत बनणाऱ्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी हा एक. तीव्र आम्लातही तो विरघळत नाही. हवा न पोचणाऱ्या गाळात तो हजारो वर्षं राहतो आणि दगडात दबला तर कोट्यवधी वर्षं. परागकणाच्या आतला जिवंत भाग केव्हाच गेलेला असतो, उरतं ते फक्त कवच. पण नक्षी कवचावरच असते, त्यामुळे आपलं काम भागतं.

परागाबरोबर नेचे-शेवाळाचे बीजाणू, डायटम नावाची काचेच्या कवचाची सूक्ष्म शैवालं, शिंपल्यासारख्या दोन झडपांचे ऑस्ट्रॅकॉड नावाचे बारीक जलजीव, गवताच्या पानातले सिलिकाचे कण आणि कोळशाचे बारके तुकडेही सापडतात. प्रत्येकाची साक्ष वेगळी. डायटम पाण्याचा खारेपणा सांगतात, कोळसा वणव्याची खबर देतो आणि पराग काठावरच्या झाडोऱ्याची.

एवढ्या बारीक कणावरून झाड ओळखता येतं?

बऱ्याचदा येतं. परागकण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे असतात, म्हणजे बरेचसे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान. चारशे पट मोठं करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाचं रूप वेगळं दिसतं. पऱ्हाटीचा कण मोठा, गोल आणि सगळीकडून काटे आलेला. भेंडी, अंबाडी, जास्वंद त्याच कुळातल्या, त्यांचेही कण असेच काटेरी. बाभळीचे कण सुटे राहत नाहीत. सोळा किंवा त्याहून जास्त कण एकमेकांना चिकटून फुटबॉलसारखा गड्डा होतो. गवताचा कण गुळगुळीत, एकाच छिद्राचा, आणि त्या छिद्राभोवती गोल कडा.

अडचण इथेच सुरू होते. ज्वारी गवतच, धान गवतच, बांबू गवतच आणि माळावरची कुसळीही गवतच. सगळ्यांचे कण सारखेच दिसतात. पिकांचे कण जरा मोठे असतात, मक्याचा तर शंभर मायक्रॉनच्या आसपास जातो. पण काही रानगवतांचेही कण मोठे असतात, म्हणून नुसत्या आकारावरून "इथे शेती होती" असं म्हणणं धोक्याचं. ऐन आणि अर्जुन हे सख्खे भाऊ, त्यांचे पराग वेगळे काढणं अवघड. म्हणून आमच्या तक्त्यात कित्येकदा झाडाऐवजी कुळाचं नाव असतं. ते पाहून लोक हिरमुसतात, पण खोट्या नेमकेपणापेक्षा ते बरं.

सागाचे पराग कमी सापडले म्हणजे साग कमी होता?

नाही. या विषयात सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भर सागवनात उभं राहून तिथल्या डबक्याचा गाळ घ्या. मान वर केली की सागच साग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सागाचे कण मात्र तुरळक. सागाचं परागीभवन कीटक करतात, त्यामुळे तो पराग मोजकाच बनवतो आणि वाऱ्यावर फारसा सोडत नाही. पळसाकडे पक्षी येतात, मोहाकडे रात्री वटवाघळं येतात. अशा झाडांची साक्ष गाळात कमीच उमटते. याउलट गवत आणि वावळ वाऱ्याच्या भरवशावर असतात. ती पराग मुठीमुठीने उधळतात, आणि गाळात त्यांचा आवाज जंगलातल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठा होतो.

म्हणून जुना गाळ वाचायच्या आधी आजचा गाळ वाचावा लागतो. आज काठावर कोणती झाडं किती आहेत हे मोजायचं, तिथल्याच वरच्या चिखलातले किंवा दगडावरच्या शेवाळातले पराग मोजायचे आणि दोन्हींचा मेळ घालायचा. त्यावरून प्रत्येक झाडाचा "आवाज" किती मोठा हे कळतं. एखाद्या जुन्या थरात सागाचे चारच कण आणि गवताचे दोनशे कण दिसले, तर मी त्या चार कणांकडे जास्त लक्ष देतो.

आमच्या वावरातल्या काळ्या मातीचा नमुना दिला तर तपासाल?

परागासाठी नको. काळी कपाशीची जमीन पिकासाठी सोनं असली तरी परागाची वैरी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची माती खाली ढासळते. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि खालची वर ढकलली जाते. अशी शेकडो वर्षं आलटापालट झाल्यावर जुना थर कोणता आणि नवा कोणता, हे सांगणार कसं? शिवाय भेगांतून हवा आत जाते, जिवाणू काम करतात आणि माती चुनखडीयुक्त असते. पराग उरत नाहीत.

मी स्वतः एका उन्हाळ्यात नव्याने खोदलेल्या विहिरींच्या भिंतींवरून काळ्या मातीचे नमुने घेतले, महिनाभर प्रयोगशाळेत घातला आणि हाती जवळपास काहीच लागलं नाही. त्या महिन्याने मला शिकवलं की नमुना घेण्याआधी जागा निवडणं हेच अर्धं काम.

अशा मातीत सिलिकाकण मात्र मिळू शकतात. गवत जमिनीतून सिलिका शोषतं आणि पानाच्या पेशींत त्याचे काचेसारखे कण बनवतं. धानाचं पातं हाताला कापतं ते याच सिलिकामुळे. पान कुजलं की हे कण मातीत पडून राहतात. परागात सगळी गवतं सारखी दिसतात, पण सिलिकाकणात गवताचे गट बरेच वेगळे काढता येतात. जमीन फारच चोपण असेल तर सिलिकाही विरघळते, तेवढं लक्षात ठेवावं.

मग चांगली जागा कोणती?

जिथे पाणी कधी पूर्ण आटत नाही आणि तळापर्यंत हवा पोचत नाही ती. खोल सरोवराचा मध्य, नदीने सोडून दिलेल्या जुन्या पात्रातली निळसर चिकणमाती, दलदल. विहीर खोदताना काळपट-निळा चिखल लागला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर खोदणारे नाक दाबतात. मी मात्र तिथे धावत जातो. तो वास सांगतो की तिथे प्राणवायू नव्हता, म्हणजे पराग असण्याची शक्यता आहे.

लोणारच्या गाळातून काय कळलं?

विदर्भासाठी याहून मोठी वही नाही. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. आजूबाजूचं पाणी विवरात उतरतं, बाहेर मात्र जात नाही. त्यामुळे पाऊस वाढला की सरोवर चढतं, कमी झाला की उतरतं, आणि प्रत्येक चढउताराची नोंद गाळात राहते.

भारतीय आणि जर्मन संशोधकांनी मिळून सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्यात जवळपास ११,००० वर्षांचा इतिहास मिळाला. सरासरी हिशेब केला तर अकरा वर्षांना एक सेंटिमीटर! २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गाभ्यावरून दीर्घ दुष्काळी काळाचे दोन पट्टे दाखवले गेले. एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पुरावा फक्त परागाचा नव्हता. गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक गाळात सापडले. पाणी आटून क्षार घट्ट झाले की हे स्फटिक तयार होतात. म्हणजे सरोवर तेव्हा किती आकसलं होतं, हे दगडानेच सांगितलं.

दुसरा पट्टा चौदाशे वर्षांचा आहे. याच काळात नगरधन आणि वाशीम इथून वाकाटक राज्य करत होते आणि विदर्भ भरभराटीला आला होता. त्यामुळे "दुष्काळी काळ" या शब्दाचा अर्थ सगळी वर्षं कोरडी आणि सगळी माणसं उपाशी, असा कुणी घेऊ नये. मान्सून दीर्घकाळ कमकुवत होता आणि अवर्षणं वारंवार येत होती, एवढंच गाळ सांगतो. माणसांनी त्यावर काय तोडगा काढला हे गाळाला विचारून कळत नाही, त्यासाठी उत्खनन करणाऱ्यांकडे जावं लागतं.

विदर्भातली माळरानं म्हणजे माणसाने तोडलेलं जंगलच ना?

मीही विद्यार्थ्यांना बरीच वर्षं असंच शिकवलं. इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं, जाळलं, ढोरं चारली आणि उरलं ते गवत आणि बोरी-बाभळी. २०२१ मध्ये लोणारच्याच गाभ्यावरचा आणखी एक अभ्यास आला आणि मला माझ्या नोट्स बदलाव्या लागल्या.

त्यात पराग, कोळशाचे कण, हवामानाचे पुरावे आणि माणसाच्या वावराच्या खुणा एकत्र ठेवून पाहिल्या. प्रश्न साधा होता. आधी काय बदललं? माणसाने जंगल तोडलं असतं तर आधी शेतीच्या आणि वणव्याच्या खुणा वाढल्या असत्या आणि मग गवत. गाळात क्रम उलटा निघाला. सुमारे ६,००० वर्षांपूर्वीपासून मान्सून कमजोर होत गेला, त्याबरोबर जंगल मागे हटलं आणि गवताळ, विरळ झाडांचा प्रदेश पसरला. शेती आणि स्थिर वस्ती त्यानंतरची. उघडा मुलूख आधी तयार झाला आणि त्यानेच या भागात शेतीला वाट करून दिली असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

हा एकाच सरोवराचा गाभा आहे, त्यामुळे मेळघाटाला किंवा गडचिरोलीला तो जसाच्या तसा लावू नये. पण माळरान म्हणजे पडीक, माळरान म्हणजे बिघडलेलं जंगल, म्हणून तिथे खड्डे खणून काहीही झाडं लावली तरी निसर्गाचं भलंच होतं, हा समज मला आता मान्य नाही. तणमोर, काळवीट, लांडगा यांचं घर हजारो वर्षांपासून गवतच आहे. मुठीत मावणारा चिखल इतक्या मोठ्या चुकीची जाणीव करून देऊ शकतो, म्हणून मी या कामात टिकून आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात डायनासोरच्या शेणात भात सापडला म्हणतात. खरं आहे?

भाताचे दाणे नाहीत. पण जे सापडलं ते त्याहून कमी नवलाचं नाही.

वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लामेटा नावाच्या जुन्या गाळखडकाच्या थरांत डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. वय साडेसहा कोटी वर्षांहून थोडं जास्त. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, तेव्हा स्वीडनमध्ये असलेल्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगडांतले सिलिकाकण वेगळे केले. ताड, सूचिपर्णी झाडं आणि इतर वनस्पतींबरोबर त्यांत गवताचे कणही होते, आणि तेही एकाच प्रकारच्या नव्हे, किमान पाच वेगवेगळ्या गवतांचे. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, निदान इतकं वैविध्यपूर्ण नव्हतं, असा तोवरचा समज होता. २०११ मध्ये पुढचा अभ्यास आला आणि त्यातले काही कण धान ज्या गटात मोडतं त्या गटाचे असल्याचं दाखवलं गेलं. म्हणजे धानाचे फार दूरचे पूर्वज तेव्हा या भागात होते. आज पूर्व विदर्भात बांध्याबांध्यांतून धान डोलतं, त्याच मुलखात हे सापडावं!

हे शेण कुणाचं? बहुधा लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटॅनोसॉर गटातल्या प्राण्यांचं. याच परिसरातल्या डोंगरगावला आयसीसॉरस या त्याच गटातल्या डायनासोरचे अवशेष मिळाले आहेत. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत पानांवर जगणाऱ्या बुरशींचे अवशेषही सापडले. त्यांतली एक आज मिरचीवर करपा आणणाऱ्या बुरशीच्या प्रजातीतली, दुसरी भुरीच्या. पानाबरोबर पानावरचा रोगही पोटात गेला आणि दोन्हींची नोंद राहिली.

ट्रॅपच्या काळ्या दगडाच्या मध्ये मातकट थर दिसतो, तो काय?

ट्रॅप म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड. हा लाव्हा एका दिवसात आला नाही. एक थर येऊन थंड व्हायचा, त्यावर तळी साचायची, झाडं वाढायची, मग पुन्हा लाव्हा यायचा. दोन लाव्ह्यांच्या मध्ये अडकलेला तो तळ्याचा गाळ. भूशास्त्रात त्याला आंतरट्रॅप थर म्हणतात. काही ठिकाणी तो सिलिकाने घट्ट होऊन चर्टचा दगड होतो आणि त्यात फुलं, फळं, लाकूड पेशीपेशीसकट टिकतं. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाकळी आणि आसपासच्या थरांतून जीवाश्म जमवले होते. पुढे बिरबल साहनींनी दख्खनच्या या सिलिकाभरल्या वनस्पतींवर बरंच काम केलं. लखनौची त्यांच्या नावाची संस्था १९४६ची.

या थरांतले ऑस्ट्रॅकॉड आणि कांडशेवाळाची फळं बहुतेक गोड्या पाण्याची. सीमेपलीकडे छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली इथे मात्र समुद्रात तरंगणारे फोरामिनिफेरा नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव मिळाल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्राचा एक हात तिथवर आला होता का, ही चर्चा त्यामुळे रंगली. परागांत ॲक्विलापोलेनाइट्स नावाचा पंख पसरल्यासारखा कण आहे. तो दिसला की थर डायनासोरांच्या शेवटच्या काळातला, असा अंदाज बांधता येतो. आणि ॲझोला! ढोरांना चारायला ताडपत्रीच्या खड्ड्यात तुम्ही जे ॲझोला वाढवता, त्याच प्रजातीच्या जुन्या जातींचे बीजाणू मध्य भारतातल्या या थरांत आहेत.

वणी-चंद्रपूरच्या कोळशातही पराग असतात?

भरपूर. वर्धा खोऱ्यातला आणि कामठी-उमरेडचा कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तेव्हा फुलझाडं नव्हती. ग्लोसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांची वनं होती आणि त्यांच्या परागाला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असत. कोणत्या खाणीतला थर कोणत्या खाणीतल्या थराशी जुळतो, हे ठरवायला हे कण कामी येतात. जमिनीच्या उष्णतेने कणाचा रंग पिवळ्यावरून तपकिरी आणि मग काळा होत जातो, त्यामुळे थर किती तापला तेही कळतं.

वय कसं ठरवता?

गाळात पान, काडी किंवा बी मिळालं तर कार्बन-१४ पद्धतीने. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच ही पद्धत चालते. त्याहून जुन्या लाव्ह्यासाठी आर्गॉनवर आधारलेल्या पद्धती आहेत.

अलीकडच्या थरांसाठी एक देशी खूण आहे, गाजर गवत. ते भारतात पहिल्यांदा १९५५च्या सुमाराला पुण्यात लक्षात आलं आणि नंतर सगळीकडे पसरलं. गाळाच्या वरच्या भागात त्या धाटणीचे आखूड काट्यांचे कण एकदम वाढले, तर तो थर गेल्या काही दशकांतला असण्याची शक्यता मोठी. त्याच कुळातल्या इतर झाडांचे कण सारखे दिसतात, म्हणून एवढ्यावरच विसंबून राहू नये.

प्रयोगशाळेत काय करता? शाळेत करता येईल?

गाळातला चुना हायड्रोक्लोरिक आम्लाने, कुजलेला सेंद्रिय भाग कॉस्टिक पोटॅशने आणि वाळूमाती हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढतात. शेवटी परागाच्या आतलं सगळं घालवून कवच स्वच्छ करतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल शाळेत, घरी किंवा साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधीही वापरू नका. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. अंगावर थोडंसं सांडलं तरी जीव जाऊ शकतो. आता जड द्रावणात पराग तरंगवून वेगळे करण्याची सुरक्षित पद्धतही आहे, मी तीच पसंत करतो.

मोजणीची एक युक्ती सांगतो, मुलांना आवडते. नमुन्यात आपण इथे न उगवणाऱ्या वनस्पतीचे ठरावीक बीजाणू मुद्दाम टाकतो, समजा १०,०००. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजताना ३०० पराग आणि टाकलेल्यांपैकी १०० बीजाणू दिसले. म्हणजे टाकलेल्यांचा शंभरावा भाग दिसला, तर परागांचाही शंभरावाच दिसला असणार. नमुन्यात एकूण पराग ३०,०००. पूर्ण गाळ मोजायची गरजच नाही.

तलावातला गाळ काढून वावरात टाकतो, त्यात तुमचा इतिहास जातो का?

जातो. तरीही गाळ काढू नका असं मी म्हणणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या मामा तलावांवर धान उभं राहतं. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधलेले हे तलाव मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले, म्हणून माजी मालगुजारी, म्हणजेच मामा. त्यांतले बरेच गाळाने भरलेत. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून हे काम जोरात चाललंय आणि शेतकऱ्याला त्याचा फायदा होतो.

माझी विनंती एवढीच. जेसीबी उतरण्याआधी तलावाच्या सगळ्यात खोल भागात दहा बाय दहा फुटांचा एक तुकडा तसाच ठेवा. नमुना घेऊन झाला की तोही काढा. कारण एकदा ट्रॉलीत पडलेला गाळ म्हणजे सगळी पानं फाडून एका पोत्यात भरलेली वही. अक्षरं तीच, पण वाचता येत नाही. या तलावांत गावाच्या गेल्या शे-दोनशे वर्षांची नोंद असू शकते. जंगल कधी विरळ झालं, धान कधी वाढलं, गाजर गवत कधी आलं. उन्हाळ्यात पूर्ण आटणाऱ्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, ही नोंद बहुधा नसते. म्हशी बसतात, शिंगाडा काढताना तळ ढवळला जातो, हवा लागते. मोठ्या तलावाच्या खोल भागात मात्र शोधून पाहायलाच हवी.

थांबायला वेळ नसेल तर अडीच इंची पीव्हीसी पाइप सरळ खाली ठोका, वरून टोपण घट्ट लावा म्हणजे गाळ निसटणार नाही, आणि पाइप ओढून काढा. लगेच खालच्या तोंडालाही टोपण लावा. पाइपवर वरचं टोक कुठलं ते बाणाने लिहा. हे विसरलं तर सगळं फुकट. तारीख आणि जागा लिहा, सावलीत ठेवा, वाळू देऊ नका. आणि पाइप ठोकतानाच शेजारी खणलेल्या गाळाच्या उभ्या भिंतीचा, शेजारी फूटपट्टी ठेवून, एक फोटो घ्या.

कुणाकडे न्यावं?

लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, उत्खननातल्या धान्या-बियांसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, आणि आपल्याकडे नागपूर विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग. आधी पत्र लिहून विचारा, नमुना घेऊन थेट दारात उभे राहू नका. लोणार अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय गाळाला हात लावू नये. पिसदुऱ्यातले गोळेही उचलून घरी नेऊ नयेत. जागेवरून हललेल्या जीवाश्माची अर्धी माहिती तिथेच राहते.

गावातल्या मुलांनी सुरुवात कशी करावी?

गाळापासून नको, फुलापासून. जुना कण ओळखायचा तर आधी आजचा कण पाहिलेला हवा, आणि विदर्भातल्या झाडांच्या परागांचा संच तुमच्याच गावात तयार होऊ शकतो. माघात वावळ, फाल्गुनात पळस, चैत्रात मोह, पावसाळ्यात साग आणि बाभूळ, भाद्रपद-आश्विनात पऱ्हाटी. न उमललेली कळी घ्या, म्हणजे दुसऱ्या फुलाचे पराग मिसळत नाहीत. तिच्यातला पिवळा भाग काचपट्टीवर झटका, ग्लिसरीनचा थेंब, वर पातळ काच. कॉलेजचा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

मधही तपासून पाहा. दोन चमचे आग्या मोहोळाचा मध कोमट पाण्यात विरघळवा, रात्रभर तसाच ठेवा, वरचं पाणी हळूच ओता आणि तळाचा थेंब काचेवर घ्या. मोहोळ कुठल्या झाडावर होतं ते सांगता येणार नाही, पण माश्या कुठल्या फुलांवर गेल्या ते दिसेल.

पाकिटावर झाडाचं शास्त्रीय नाव लगेच सुचलं नाही तर रिकामी जागा सोडा. पण तुमच्या आजीने सांगितलेलं नाव, गावाचं नाव, धुऱ्यावरचं की नाल्याकाठचं ते, आणि तारीख आधी लिहा. शास्त्रीय नाव मला नंतरही शोधता येतं, ते झाड कुठल्या धुऱ्यावर होतं ते नाही.